रत्नागिरीच्या सड्यावर डायमंड इन्फिनिट एज प्रो: धनुष्य नेमके कोणाच्या मापाचे?

डायमंडचे इन्फिनिट एज प्रो हे कंपाउंड धनुष्य आमच्या घरी येऊन आता दोन वर्षे होत आली. ते घेतले तेव्हा मुलगी आठवीत होती, आणि मुलीला व मला मिळून एकच धनुष्य पुरेल असा माझा हिशोब होता. मुलीपुरता तो हिशोब बरोबर ठरला, माझ्यापुरता साफ चुकला. कोकणपट्टीत धनुष्य हातात घेऊन, ओढून पाहून विकत घेण्याची सोय फारशी नाही आणि बहुतेकांना ते फोनवर चौकशी करूनच मागवावे लागते. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर लिहितो.

त्याआधी माझ्याकडे दुसऱ्या बनावटीचे एक धनुष्य होते. बाहेरगावच्या एका विक्रेत्याने फोनवर माझी उंची विचारली, हाताचा पल्ला विचारला नाही, आणि 29 इंच खेचीचे धनुष्य पाठवून दिले. खेच म्हणजे दोरी किती लांब ओढली जाते ते माप. माझी खेच 28 इंचांची आहे. एका इंचाने काय बिघडते, असे मलाही तेव्हा वाटले. पण दोरी पूर्ण ओढली की मान मागे जाई, डावा खांदा वर चढे आणि बाण सुटताना दोरी कोपराखाली अशी फटकारे की महिनाभर हातावर निळा वळ होता. त्या धनुष्याची खेच टोकांच्या चाकांनी, म्हणजे कॅमनी, ठरावीक केलेली होती; ती बदलायची तर कॅमचे सुटे भाग मागवून धनुष्य प्रेस नावाच्या यंत्रात दाबून उघडावे लागणार होते, आणि माझ्या ओळखीत कोणाकडेही तशी प्रेस नव्हती. विक्रेत्याने "सवय होईल" एवढेच उत्तर दिले. सवय झाली नाही, धनुष्य तोट्यात विकावे लागले.

साध्या किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यात आपण दोरी जितकी ओढू तितकी ती येते, त्यामुळे अर्ध्या इंचाची तफावत शरीर सांभाळून घेते. कंपाउंडमध्ये तसे होत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना असलेली कॅमची चाके फिरत फिरत एका जागी येऊन थांबतात, आणि त्या थांब्यापलीकडे दोरी जात नाही. तिरंदाज या थांब्याला भिंत म्हणतात. भिंतीच्या अगदी अलीकडे खेचीचा भार एकदम उतरतो. 40 पौंडांच्या धनुष्यात 75 टक्के भार उतरत असेल तर नेम धरताना हातात 10 पौंडच राहतात, आणि कंपाउंडचा सगळा फायदा इथेच आहे. ही भिंत मात्र आपल्या हनुवटीपाशी, आपल्या हाडांच्या मापाने आली पाहिजे. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकल्यापासून आमच्याकडचे पालकही या प्रकाराची चौकशी करू लागले आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा "किती पौंडांचे घेऊ?" असा असतो. माझ्या मते पौंडांचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न इंचांचा.

माप घेणे अवघड नाही. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरायचे, ताणायचे नाहीत, आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इंचांत मोजून त्याला अडीचने भागायचे. माझा पल्ला 70 इंच, म्हणून खेच 28. मुलीचा तेव्हा 62 इंच भरला, म्हणून खेच पावणेपंचवीसच्या आसपास. हे उत्तर अंदाजाचे असते आणि दोरीला रिलीज (दोरी धरून सोडायचा चाप) अडकवण्यासाठी बांधलेला फासा किती मोठा आहे, रिलीजची मान किती लांब आहे, यावर अर्धा इंच इकडेतिकडे होते. नक्की वाटत नसेल तर किंचित आखूड माप घ्यावे. लांब माप शरीराची ठेवणच बिघडवते. त्याच बैठकीत कोणता डोळा प्रबळ आहे हेही पाहून घ्यावे. दोन्ही हातांच्या पंजांमधून लहानशी फट ठेवून दूरचा माड पाहावा आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला माड फटीत दिसत राहतो तो प्रबळ. उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या मुलांना डाव्या हाताचे धनुष्य द्यावे की काय, याचा निर्णय खरेदीआधी व्हावा, कारण धनुष्याची बाजू मागाहून बदलता येत नाही.

आता प्रत्यक्ष या धनुष्याविषयी. खेच 13 ते 31 इंच आणि वजन (म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर) 5 ते 70 पौंड अशी याची व्याप्ती आहे, आणि ती बदलायला प्रेस लागत नाही, षटकोनी किल्ल्यांचा संच पुरतो. पौंड कमी-जास्त करायला वरच्या व खालच्या लिंबचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याचे, बोल्ट फिरवायचे. दोन्ही बोल्ट मोजून सारखेच फिरवावेत आणि उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे कधीही सैल करू नयेत. खेच बदलायला कॅमवरच्या मॉड्यूल नावाच्या लहान तुकड्याचे स्क्रू काढून ते पुढच्या खुणेवर बसवायचे. दोन्ही कॅम एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे वर जी खूण तीच खाली हवी. एकदा घाईत माझ्याकडून एका खुणेचा फरक राहिला आणि भिंत गुळमुळीत, दोन टप्प्यांत लागू लागली, तेव्हा दोष शोधण्यात संपूर्ण संध्याकाळ गेली.

वाढत्या वयाच्या मुलीसाठी ही रचना फार उपयोगी पडली. तिने 22 पौंडांपासून सुरुवात केली, आज ती 34 पौंड ओढते, आणि या काळात खेच दोनदा वाढवली. वजन वाढवावे की नाही हे ठरवायची आमची कसोटी साधी आहे: तिने खुर्चीवर बसायचे, बाण लावून लक्ष्याकडे तोंड करायचे आणि धनुष्य आभाळाकडे न उचलता सरळ ओढायचे. हात वर गेला, तर बोल्ट होते तिथेच राहतात. ठरावीक मापाची धनुष्ये घेत राहिलो असतो तर एव्हाना दुसऱ्या धनुष्याचा खर्च आला असता.

माझा हिशोब चुकला तो वाटून घेण्यात. कागदावर पाहिले तर मुलीचा सराव झाल्यावर मॉड्यूल बदलायचे, बोल्ट आवळायचे आणि मी 50 पौंडांवर सराव करायचा, इतके सोपे होते. पण खेच बदलली की दोरीतल्या पीपची, म्हणजे नेम धरायच्या छिद्राची, उंची चुकते, कारण तिच्या डोळ्यासमोर येणारे छिद्र माझ्या भुवईवर येते. पीप दोरीत बांधून पक्के केलेले असते आणि ते रोज सरकवणे दोरीला मानवत नाही. साइटची, म्हणजे धनुष्यावरच्या नेमाच्या खुणांची, सगळी अंतरे नव्याने लावावी लागतात. बाणही वेगळे हवेत: तिचे 600 कडकपणाचे, माझे 400 चे, आणि हा आकडा जितका लहान तितका बाण ताठ, हे नवख्यांना उलटे वाटते. तिचे हलके, लवचीक बाण मी माझ्या 50 पौंडांवर चुकूनही लावू नयेत, कारण धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे किमान 5 ग्रेन (बाण तोलण्याचे बारीक एकक) वजन हवे. त्याहून हलका बाण सोडणे म्हणजे जवळपास रिकामी दोरी सोडण्यासारखे होते आणि त्यात लिंब फुटू शकते. तीन आठवडे आम्ही ही कसरत केली. दोघांचेही नेम बिघडले, म्हणून चौथ्या आठवड्यात मी धनुष्य मुलीच्या स्वाधीन केले आणि स्वतःसाठी टोकाटोकांत 38 इंच अंतर असलेले लक्ष्यवेधाचे धनुष्य घेतले.

इन्फिनिट एज प्रो टोकापासून टोकापर्यंत सुमारे 31 इंचांचे आहे आणि स्वतःच्या वजनाला 3.2 पौंड, म्हणजे दीड किलोच्या आत. हे माप मुळात जंगलात वावरताना सोयीचे पडावे म्हणून आखूड असते. धनुष्य आखूड असेल तर पूर्ण खेचीत दोरीचा कोन टोकदार होतो आणि ज्याची खेच लांब त्याच्या नाकाला दोरी नीट लागत नाही. मला हीच अडचण होती, मुलीच्या आखूड खेचीत ती जाणवत नाही. हलकेपणाचेही तसेच. कोवळ्या खांद्याला तो वरदान वाटतो, पण आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, दुपारचा खारा वारा सुटला की हलके धनुष्य हातात थरथरते. आम्ही पुढे लांब स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) लावला आणि सरावाची वेळ सकाळी सातवर आणली, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. यातला कोणता उपाय जास्त लागू पडला हे मुलगी आणि मी वेगवेगळे सांगतो.

जाहिरातीत वेग 310 फूट प्रति सेकंद असा दिलेला असतो. तो 70 पौंड, 30 इंच खेच आणि 350 ग्रेनचा बाण या मापावर मोजलेला असतो. खेचीचा एक इंच कमी झाला की साधारण 10 फूट वेग जातो, वजन कमी केले की आणखी जातो. शाळकरी मुलाला त्या आकड्याची झलकही दिसणार नाही. त्यापेक्षा दोरी आणि मूठ यांतले 7 इंचांचे अंतर मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ते पुरेसे असल्यामुळे बाण दोरीवरून लवकर सुटतो आणि मुठीची छोटी चूक बाणात कमी उतरते.

हे धनुष्य बहुधा जोडसाधनांसह मिळते, आणि ती शिकारीच्या हिशोबाने निवडलेली असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तीन टाचण्यांची साइट आणि धनुष्याला लटकणारा भाता यांचा इथे उपयोग नाही. स्पर्धेत कंपाउंडला 50 मीटरवर 80 सेंटिमीटरचे लक्ष्य असते, दोरी ओढण्याच्या वजनाची कमाल मर्यादा 60 पौंड असते, आणि भिंगाची, पाणसळ असलेली साइट चालते. शक्य असेल तर नुसते धनुष्य घेऊन रिलीज, रेस्ट (बाण टेकवायचा आधार) आणि साइट स्वतंत्र निवडावी. किंमत मी मुद्दाम लिहीत नाही, आयातीच्या खर्चानुसार ती दर खेपेला बदलते.

समुद्राकाठच्या हवेचा मुद्दा कोणताही विक्रेता काढत नाही. ॲल्युमिनियमच्या रायझरला (मुठीच्या मधल्या भागाला) आमच्याकडे काही झाले नाही, पण पहिल्याच पावसाळ्यात कॅमच्या आसाजवळच्या पोलादी स्क्रूंवर तांबूस थर चढला आणि पेटीच्या अस्तरावर बुरशी आली. आता प्रत्येक सरावानंतर कोरडे फडके फिरते, स्क्रूंना तेलाचा हलका हात लागतो, दोरीला दर पंधरवड्याला मेण चोळले जाते आणि पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या असतात. मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवायचे नाही, हा नियम पावसाळ्याइतकाच कडक आहे. उष्णतेने दोरी ताणते आणि लिंबचे थर सुटू शकतात. बाणांचा खरा शत्रू मात्र जांभा. सड्यावर मोकळी जागा हवी तेवढी मिळते, पण लक्ष्य चुकलेला कार्बनचा बाण जांभ्यावर आपटला की त्याला बारीक चीर जाते, आणि असा बाण पुन्हा सोडला तर तो हातात फुटू शकतो. लक्ष्यामागे आम्ही पेंढ्याच्या गासड्या रचून त्यांवर जुनी जाळी टांगली आहे, आणि चुकलेला प्रत्येक बाण कानाशी धरून वाकवून पाहतो. करकर ऐकू आली की त्याचे दोन तुकडे करतो.

पहिले धनुष्य वाढत्या मुलासाठी हवे असेल आणि जवळ प्रेस असलेले दुकान नसेल, तर इन्फिनिट एज प्रो घ्यावे असे मी निःशंकपणे सांगेन. ज्याची वाढ थांबली आहे आणि ज्याला लक्ष्यवेधच करायचा आहे अशा प्रौढाने मात्र व्याप्तीच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. त्याने आपल्या खेचीचे, टोकाटोकांत 36 इंचांहून लांब धनुष्य शोधावे. मुलीचा पल्ला गेल्या आठवड्यात 65 इंच भरला. मॉड्यूल पुढच्या खुणेवर सरकवले आहे. पीप अजून बांधायचे आहे, तोवर ती पाच मीटरवरून, साइट न पाहता, नुसती भिंत ओळखण्याचा सराव करते आहे.