उपचार फुकट झाले म्हणून क्लेम शून्य होत नाही : वकिलाच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

रेटिंग 5 पैकी 4. ज्यांच्या घरात अपघात झालाय आणि उपचार धर्मादाय हॉस्पिटलात किंवा सरकारी योजनेतून झालेत त्यांनी हे नक्की वाचा. ताईच्या केसमध्ये समोरच्या विमा कंपनीचा माणूस पहिल्याच फोनवर म्हणाला, बिलच नाहीये तर भरपाई कसली, आणि घरात सगळ्यांचा धीरच सुटला.

मग आम्ही अपघाताचे क्लेम बघणाऱ्या एका वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी अख्खी फाईल वाचली आणि शांतपणे समजावलं की हॉस्पिटलचं बिल हा भरपाईचा फक्त एक भाग आहे, बुडालेला पगार, सोसलेल्या वेदना, कायमचं अपंगत्व हे सगळं वेगळं धरतात आणि उपचार फुकट झाले म्हणून ते काही कमी होत नाही. पुढच्या ऑपरेशनचं आणि फिजिओचं पण तसंच, आज कुणी फुकट केलं म्हणजे पाच वर्षांनी पण करेलच असं थोडीच आहे! इंग्लंडात तर 1948 च्या कायद्यातच लिहिलंय की सरकारी सेवा फुकट मिळत असली तरी खासगी उपचारांचा वाजवी खर्च त्या कारणाने नाकारता येत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत जखमी माणसाला बाहेरून मिळालेल्या मदतीचा फायदा चूक करणाऱ्याला देत नाहीत, पण सगळीकडे एकसारखं नाहीये, कॅलिफोर्नियात 2011 च्या निकालानंतर छापील बिल नाही तर हॉस्पिटलने विम्याकडून खरंच घेतलेली रक्कम धरतात. त्यामुळे तुमच्या इथला नियम विचारल्याशिवाय आकडा ठरवू नका.

मला सगळ्यात आवडलं ते हे की मॅडमनी घरच्यांच्या सेवेचा विषय स्वतःहून काढला. आई रात्रंदिवस ताईचं सगळं करत होती, त्याला कुणी पगार देत नाही म्हणून ते हिशोबातच नाही असं आम्ही धरून चाललो होतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याचे सुद्धा पैसे मागता येतात, फक्त कोण काय करतं, किती तास, याची रोज नोंद हवी. आईची वही तेव्हापासून सुरू झाली.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे फुकट म्हणजे नेहमी फुकट नसतं. काही योजना सेटलमेंट झाल्यावर त्यांचा खर्च परत मागतात. अमेरिकेत मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना, मागतं, पण सगळ्या रकमेला हात लावता येत नाही, फक्त वैद्यकीय खर्चाच्या भागातूनच घ्यायचं असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये सांगितलं. इंग्लंडात सरकारी हॉस्पिटलचा खर्च थेट दोषी बाजूकडून वसूल होतो, जखमी माणसाच्या पैशातून नाही. मॅडमनी आमच्या हॉस्पिटलकडून दोन पत्रं मागवली, एक उपचारांची खरी किंमत किती होती याचं आणि दुसरं परत काही मागणार नाही याचं. आणि ही दोन्ही हातात येईपर्यंत ताईला कशावरच सही करू दिली नाही, कारण एकदा फुल अँड फायनलवर सही झाली की नंतर दुखणं वाढलं तरी सहसा काही मागता येत नाही.

एक स्टार कापला तो ऑफिससाठी. फोन उचलत नाहीत, असिस्टंट एक सांगतो आणि मॅडम दुसरं. फी टक्क्यांवर आहे, ती हॉस्पिटल किंवा योजनेचे पैसे वजा व्हायच्या आधीच्या रकमेवर की नंतरच्या, हे आम्हाला दोनदा विचारावं लागलं. तुम्ही पहिल्याच भेटीत लेखी घ्या.