पाकिटावर छापलेला पत्ता माझा नव्हता

मी कोल्हापूरजवळच्या एका गावात कांदा-लसूण मसाला करते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, सुकं खोबरं, तळलेला कांदा, सगळं डंकावर कुटून. लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घ्यायला लागले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये वाटलं, आता स्वतःची वेबसाइट हवी. ज्यांना असंच वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझा २०२३ चा अख्खा हंगाम वाचला असता.

वेबसाइट करून देणारा मुलगा ओळखीतूनच आला होता. बोलायला गोड, पहिल्या दिवसापासून ताई म्हणणारा. पस्तीस हजार ठरले, निम्मे आगाऊ दिले. बिलावर एकच ओळ होती : 'वेबसाइट डेव्हलपमेंट'. त्यात डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावाने घेणार, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, कुणाचं, पासवर्ड कुणाकडे, यातलं काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "ताई, तुम्ही मसाल्याकडे बघा, टेक्निकल सगळं माझ्यावर सोडा." मी सोडलं.

आता मागे वळून बघताना एक गोष्ट स्वच्छ दिसते. त्या सगळ्या कामात माझ्या फोनवर ओटीपी आला तो फक्त बँकेचा. ऑनलाइन पेमेंटसाठी माझं पॅन आणि माझं खातं लागलं, म्हणून तेवढं माझ्या नावावर झालं. डोमेन घेताना मात्र ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा, नाव त्याच्या एजन्सीचं. सातबारा त्याच्या नावावर आणि घर मी बांधत होते. एकदा पासवर्ड मागितला तर म्हणाला, "चुकून काही दाबलं गेलं तर साइट बसेल ताई." मला ते पटलं, कारण मला खरोखरच भीती वाटायची.

साइट २०२२ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि चांगली चालली, हे कबूल करायला हवं. पुण्या-मुंबईहून ऑर्डरी यायला लागल्या. त्याच भरात मी पाच हजार पाकिटं छापून घेतली, प्रत्येकावर वेबसाइटचा पत्ता ठळक लाल अक्षरांत.

वर्ष पुरं झालं आणि त्याचा मेसेज आला : देखभाल आणि नूतनीकरणाचे अठ्ठेचाळीस हजार. माझ्या भाच्याने चौकशी केली, तर डॉट इन डोमेनला वर्षाला हजार रुपयेसुद्धा लागत नाहीत. मी म्हटलं, डोमेन माझ्या नावावर करून दे, पुढचं मी बघते. दोन दिवसांनी साइट बंद. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. घरोघरी वर्षाचा मसाला भरायचे हेच दिवस, आणि हे त्याला नीट माहीत होतं, कारण मीच त्याला सांगितलं होतं.

साइट गेली, त्याबरोबर ईमेलही गेला, कारण तोही त्याच डोमेनवर होता. अकराशे गिऱ्हाइकांची नावं-पत्ते साइटच्या आत होते आणि मी ती यादी एकदाही उतरवून घेतली नव्हती. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं.

पोलिसांकडे गेले. हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, अर्ज घेतला, पण पहिला प्रश्न हाच होता की करारनामा कुठे आहे. माझ्याकडे चॅट आणि गुगल पेच्या पावत्या. हे दिवाणी प्रकरण आहे, म्हणाले. १९३० वर फोन करावा म्हटलं, तर ती हेल्पलाइन ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी. मी पैसे राजीखुशीने, ठरवून दिले होते. वकिलांनी सांगितलं की डॉट इनच्या वादासाठी 'निक्सी'कडे, म्हणजे डॉट इन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करता येते, पण त्या नावावर आपला हक्क आहे हे दाखवावं लागतं. माझ्या नावाचा ट्रेडमार्क नोंदवलेला नव्हता. छोट्या उद्योजकाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क साडेचार हजार रुपये आहे. तेवढे मी पाकिटांच्या छपाईत सहज वाचवू शकले असते.

वकिलांकडेच आणखी एक गोष्ट कळली, ती फार कमी जणांना माहीत असते. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन साइट करून घेतली म्हणून तिच्या कोडचा हक्क आपोआप आपल्याकडे येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखी लिहून घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, आणि हद्द लिहिली नाही तर फक्त भारत. आमचा तर कागदच नव्हता.

मी ते अठ्ठेचाळीस हजार दिले नाहीत. नवं डोमेन घेतलं, स्वतः बसून, माझ्या ईमेलवर, माझ्या फोनवर ओटीपी घेऊन. दहा मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या मुलीने नवी साइट केली. तिला होस्टिंगमध्ये वेगळं लॉगिन दिलंय, काम संपलं की ते काढून घेते. पैसे टप्प्याटप्प्याने देते, शेवटचा हप्ता सगळे पासवर्ड बदलून झाल्यावर. दर सोमवारी ऑर्डरींची यादी माझ्या संगणकावर उतरवते. तिला याचा राग आला नाही. उलट म्हणाली, असंच करायला हवं. तुमच्या माणसाला या गोष्टींचा राग येत असेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.

उरलेल्या तीन हजार पाकिटांवर आम्ही बायकांनी बसून नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवले. पण आधीची पाकिटं तर घरोघरी गेली होती. परवा सांगलीहून एका काकूंचा फोन आला. जुनं पाकीट डब्याच्या तळाशी सापडलं, त्यावरचा नंबर लावला म्हणाल्या. "वेबसाइट उघडेना, मला वाटलं तुम्ही धंदा बंद केलात. दोन वर्षं दुसरीकडचा मसाला खातोय आम्ही."