मासे साफ करायला विजेची सुरी की साधी?

अमेरिकेत मिनेसोटातल्या तळ्यावरून दोघांनी मिळून पंधराएक क्रॅपी नावाचे गोड्या पाण्यातले मासे आणले की हात आपोआप विजेच्या सुरीकडे जातो. तिची दोन दातेरी पाती एकमेकांना घासत मागेपुढे होतात, त्यामुळे बरगड्यांचे काटे करकर कापत ती सरळ शेपटीपर्यंत जाते. शेपटीपाशी थांबायचं, तुकडा उलटायचा आणि पातं कातडीलगत आडवं न्यायचं. खवले काढायची कटकटच नाही. फक्त जोर लावू नका. दाबलं की मांस फाटतं. दुसऱ्या हातात पात्याने न चिरणारा हातमोजा हवाच. मग तुकड्यातल्या बरगड्या काढायला साधी सुरी लागतेच, हे दुकानदार सांगत नाही!

साधी लवचीक सुरी हळू चालते, पण काटा कुठे आहे ते बोटांना कळतं. दोन-तीनच मासे असतील तर मी तीच घेतो. विजेची पाती काढून धुण्यातच जास्त वेळ जातो.

घ्यायचीच तर घरासाठी वायरवाली, होडीवर बॅटरीची.

बांगड्याच्या कालवणाला मात्र दोन्ही नकोत. तिथे काट्यासकट तुकड्या हव्यात, आणि त्या विळीवरच.