रोमिओ अँड ज्युलिएटची टिपांवाली पेपरबॅक: घ्यावी का?

एका पानावर नाटक आणि समोरच्या पानावर टिपा अशी ही आवृत्ती आहे आणि शेक्सपिअर मुळातून वाचायची भीती वाटत असेल तर डोळे झाकून घ्या, कारण जुनी इंग्रजी अडली की मागची पानं उलटत बसावं लागत नाही, नजर बाजूला वळवली की झालं. सुरुवातीच्या 14 ओळींतच दोघं मरणार हे सांगून टाकलंय, तरीही शेवटपर्यंत जीव टांगणीला लागतो!

नशिबावरच्या टिपा तर फारच भारी आहेत. पाद्री लॉरेन्सचं पत्र रोमिओला मिळत नाही कारण ते नेणारा दुसरा पाद्री जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो, हे ठीक, ते नशीब. पण ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट तिचं लग्न गुरुवारचं बुधवारवर आणतो, त्याला नशीब कसं म्हणायचं? ते माणसाचंच काम ना. 14 वर्षंही पूर्ण न झालेल्या पोरीला, पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्न कर नाहीतर रस्त्यावर मर, असं सुनावणारा बाप वाचताना मला अक्षरशः राग आला, आणि टीपही तिथे त्याला अजिबात पाठीशी घालत नाही.

कमी पडते ती प्रेमाची बाजू. रोमिओ आधी रोझलाइन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी झुरत होता यावर जेमतेम दोन ओळी, तिथे अजून हवं होतं. कागद पातळ आहे पण बाइंडिंग पक्कं, आणि टाइप मोठा असल्यामुळे रात्री वाचायलाही त्रास होत नाही.