अँप घरीच राहिला, टोन गेला शिवाजी मंदिरात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

परळहून दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह म्हणजे टॅक्सीने जवळच. पण लिफ्ट नसलेल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून गिटारचा १५ वॅटचा ट्यूब अँप खाली उतरवायचा म्हणजे कार्यक्रमाआधीच शर्ट भिजतो, आणि टॅक्सीवाला डिकी उघडून सीएनजीची टाकी दाखवतो. शिवाय माझा हा ईएल८४ ट्यूबवाला अँप व्हॉल्यूम सहावर नेल्याशिवाय खुलत नाही. सहावर नेला की खालचे काका खुंटीवरचा सदरा चढवून वर येतात.

म्हणून गेल्या जूनमध्ये ठरवलं, अँपचं कॅप्चर करायचं, म्हणजे त्याच्या आवाजाचं सॉफ्टवेअर मॉडेल बनवायचं, आणि ते लॅपटॉपमधून फुल-रेंज स्पीकरवर वाजवायचं. केम्पर कंपनीने २०११मध्ये दुसऱ्या अँपचा आवाज टिपणारा प्रोफायलिंग अँप आणला तेव्हा ही चैन होती. आता स्टीव्हन अ‍ॅटकिन्सनचं न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. साधारण तीन मिनिटांची ठरावीक ध्वनिफीत अँपमधून वाजवायची, बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करायचा, दोन्ही फाइली ट्रेनिंगला द्यायच्या. घरी ग्राफिक्स कार्ड नसेल तर गूगल कोलॅबवर काम होतं.

पहिला प्रयत्न घरीच केला आणि फसला. इंटरफेसमधून (लॅपटॉपला जोडायच्या ऑडिओच्या पेटीतून) अँपच्या इनपुटला जाताना सिग्नल गिटारसारखा करणारा रीअँप बॉक्स हवा, तो होता. स्पीकरच्या जागी मित्राचा रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स होता, म्हणजे आवाज न करता स्पीकरचा भार घेणारी पेटी. (तो जोडल्याशिवाय ट्यूब अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायची भीती असते. आणि स्पीकरची वायर थेट इंटरफेसमध्ये तर मुळीच घालू नका.) नव्हतं ते अर्थिंग. चाळीच्या वायरिंगमध्ये ते नावापुरतंच, त्यामुळे ५० हर्ट्झचा गूं रेकॉर्डिंगभर पसरला. मॉडेल गिटारच्या सिग्नलचं काय होतं ते शिकतं. असल्या उपऱ्या आवाजाचा त्याला मेळ लागत नाही, मग ईएसआर, म्हणजे मॉडेल किती चुकतंय ते सांगणारा आकडा, वर राहतो. शेवटी अंधेरीत तासावर मिळणारी रिहर्सलची खोली घेतली. तिथे हा आकडा ०.०१च्या खाली आला. रिव्हर्ब बंद ठेवला होता, कारण रिव्हर्ब-डिले अशा कॅप्चरमध्ये नीट उतरत नाहीत.

त्याच दिवशी एक गंमत केली. कॅप्चर साध्या पॉवर अँपमधून त्याच १२ इंची गिटार कॅबला (स्पीकरच्या पेटीला) लावलं आणि मित्राला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. खरा अँप कोणता, हे त्याला पाचपैकी दोनदाच सांगता आलं. म्हणजे कॅप्चरमध्ये खोट नव्हती. पुढच्या चार महिन्यांत मी जे रडलो ते फुल-रेंज स्पीकरपायी.

गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. फुल-रेंज स्पीकर थेट २० किलोहर्ट्झकडे जातो, म्हणून कॅबचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे माइकने टिपलेला कॅबचा ठसा) लावावाच लागतो. पण आयआर लावला की ऐकू येतो तो माइकसमोरचा अँप, खोलीत पोटरीवर हवा मारणारा अँप नव्हे. दोन्हींत फरक आहे, आणि तो मान्य करायला मला गणपती उजाडले. ऐकणाऱ्यांना नाहीतरी माइकमधलाच अँप ऐकू येतो, हे तेव्हा सुचलं नाही. बाकी माइकसकट घेतलेल्या कॅप्चरवर पुन्हा आयआर लावून मी एक अख्खी तालीम गोधडीखालून वाजवल्यासारखी वाजवली, ते वेगळंच.

दुसरी चूक जास्त महागात पडली. सगळे प्रीसेट, म्हणजे साठवलेली सेटिंग्ज, मी रात्री हेडफोनवर, हळू आवाजात बनवले होते. कमी आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी भासतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच हे मोजून ठेवलंय. साहजिकच मी दोन्ही चढवून ठेवले. शिवाजी मंदिरात ड्रमरच्या शेजारी तोच प्रीसेट लावला तर खाली ढुम्म आणि वर पत्रा. साउंडवाल्याने दुसऱ्याच गाण्याला माझा फेडर खाली ओढला, आणि त्याचं काही चुकलं नाही.

आता प्रीसेट रिहर्सलच्या खोलीत, ड्रम वाजत असतानाच बनवतो. लो-कट (त्याखालचा आवाज कापणं) ९० हर्ट्झ, हाय-कट (त्यावरचा कापणं) ७ किलोहर्ट्झच्या आसपास. स्पीकर जमिनीवर ठेवला की बास फुगतो, म्हणून प्लास्टिकच्या क्रेटवर, कानाच्या दिशेने तिरका. हॉर्नच्या (स्पीकरमधल्या ट्रेबलच्या भोंग्याच्या) समोरून बाजूला सरकलात की धार जाते. बेसवाला "तुझं ऐकू येत नाही" म्हणतो ते यामुळेच.

इंटरफेसचा इनपुट गेनही जपा. कॅप्चरला वाटतं आपल्यासमोर अँपचं इनपुट आहे; तुम्ही सिग्नल जास्त गरम दिलात तर स्वच्छ टोनही खरवडतो. प्लगइनच्या नव्या आवृत्त्यांत पातळी जुळवायची सोय आहे, ती वापरा. ते जमल्यावर गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की टोन खऱ्या अँपसारखा साफ होतो. पैसा वसूल झाला तो मला इथे वाटला.

खुपतं ते एवढंच, की कॅप्चर म्हणजे बटणांच्या एका जागेचा फोटो. प्लगइनमधला गेन फिरवणं म्हणजे अँपचा गेन फिरवणं नव्हे. मी दोन, चार, सहा आणि आठवर कॅप्चर घेतली. आमच्या लावणीच्या तुकड्याला नेमका पाचवरचा टोन लागतो. चार पुळचट, सहा भडक. तेव्हा आता पुन्हा एकदा अँप तीन मजले खाली, अंधेरीची खोली, आणि मित्राचा लोड बॉक्स. तो अजून माझ्याकडेच आहे, त्याने मागितलेला नाही.