निसटतं आयनीकारक प्रारण: थेट मोजावं की खुणांवरून ओळखावं?

दीर्घिकांमधून बाहेर निसटणारं, हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवून लावणारं अतिनील प्रारण थेट मोजावं की इतर खुणांवरून ओळखावं? एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एकीने विचारलंय, दोन्हींपैकी कोणती वाट धरू?

खात्रीत थेट मोजमापाला तोड नाही. ९१२ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी मूळ (दीर्घिकेतून निघतानाच्या) तरंगलांबीचा, म्हणजे हायड्रोजनचं आयनीभवन करू शकणारा फोटॉन हाती आला की तो निसटला, वादच नको. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाने २०२० मध्ये ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीने टिपलेल्या निरीक्षणांतून हेच दाखवलं. दीर्घिका ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरची, प्रारण मूळ ६०० अँगस्ट्रॉमच्या आसपासचं. त्यासाठी २८ तासांहून अधिक निरीक्षण लागलं, तेही अंतराळातूनच. शिवाय त्याच दिशेला जवळची एखादी दीर्घिका आड आली नाही ना, ही शंका आधी फेडावी लागते. निम्मी मेहनत तिथेच जाते.

खुणा स्वस्त पडतात. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या वर्णपटातल्या रेषा एक गमावलेल्यापेक्षा बऱ्याच ठळक असल्या तर संशयाला जागा, पण अशा सगळ्याच दीर्घिका गळक्या निघत नाहीत. लायमन-अल्फाची (हायड्रोजनच्या अतिनील रेषेची) दोन शिखरं जवळजवळ असणं ही मला त्याहून भरवशाची खूण वाटते. वाटेतला उदासीन हायड्रोजन विरळ आहे, असं ती सांगते.

पल्ल्यात मात्र थेट मोजमाप हरतं. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं माप; जास्त म्हणजे अधिक दूर, अधिक जुनं) ४ च्या पुढे दोन दीर्घिकांच्या मधल्या जागेतला वायूच हे प्रारण गिळतो. पुनर्आयनीभवनाच्या (विश्वातला उदासीन हायड्रोजन पुन्हा आयनीभूत झाला त्या), म्हणजे रेडशिफ्ट ६ च्या पलीकडच्या काळात वेब अंतराळ दुर्बिणीलाही खुणांवरच भागवावं लागतं, आणि तिथे लायमन-अल्फाही बरीच खाल्ली जाते.

वर्षभराचा प्रकल्प असेल तर जवळच्या दीर्घिकांचे खुले वर्णपट घेऊन खुणा तपास. पीएचडीचा वेळ आणि यूव्हीआयटीची माहिती हाताशी असेल, तर थेट मोज.