पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी दिलेली ‘संमती’

आमच्या घरचे चारही मोबाइल नंबर एकाच पोस्टपेड फॅमिली प्लॅनवर आहेत. बिल माझ्या नावावर येतं आणि ऑटो-पेने कार्डावरून परस्पर भरलं जातं. ही सोयच आम्हाला महागात पडली. आम्ही कधीच न मागितलेल्या एका सेवेचे पैसे अकरा महिने आमच्याकडून जात होते, आणि त्या अकरा महिन्यांत मी बिल एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. कळलं तेही योगायोगाने. मुदत संपली म्हणून माझं कार्ड बदललं, ऑटो-पे अडलं, बिल थकल्याचा मेसेज आला आणि मी पहिल्यांदाच सगळी पीडीएफ उतरवून घेतली.

नऊ पानं होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरात एकूण रक्कम, त्याखाली नव्या प्लॅनची जाहिरात, मग कर, मग कॉलची यादी. सातव्या पानावर आईच्या नंबरपुढे, ‘इतर आकार’ या सदरात, मुंगीएवढ्या अक्षरात चार ओळी होत्या: ‘पार्टनर डिजिटल सर्व्हिस’. कुठली सर्व्हिस, कोणाची, त्यातून आईला काय मिळालं, काही लिहिलेलं नाही. चारही ओळींत सात-सात दिवसांचं अंतर. मागची बिलं काढली तर प्रत्येकात त्याच ओळी. कधी चार, कधी पाच.

ही चार-पाचची गंमत समजायला मला वेळ लागला. दर महिन्याला एकच जादा रक्कम आली असती तर कधीतरी डोळ्याला खटकली असती. आठवड्याच्या हिशेबाने कापल्यामुळे बिल दर महिन्याला थोडं वर-खाली होत राहिलं आणि आम्ही समजत राहिलो की कोणीतरी डेटा जास्त वापरला असेल. प्रत्येक कपात चिल्लर वाटावी इतकीच. पण अकरा महिन्यांची बेरीज केली तर आईच्या नंबरच्या जवळजवळ पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम गेली होती.

आईला विचारलं. तिला सेवेचं नावही माहीत नव्हतं. फोनवर ती व्हिडिओ कॉल करते, भजनं ऐकते, बहिणीला फोटो पाठवते. मेसेजच्या डब्यात खाली खाली जात शोधलं तेव्हा सेवा सुरू झाल्याचा एक इंग्रजी मेसेज सापडला, जाहिरातींच्या शेकडो मेसेजमध्ये बुडालेला. तो तिने उघडलाही नव्हता.

कस्टमर केअरला पहिला फोन लावला तेव्हा मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे. भाषेसाठी एक दाबा, बिलासाठी तीन दाबा, पुन्हा दोन दाबा, मग तेवीस मिनिटं तीच धून. शेवटी एक मुलगा लाइनवर आला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मॅडम, ही सेवा तुमच्या नंबरवरून संमती देऊनच सुरू झालेली दिसतेय. घरात कोणीतरी चुकून दाबलं असेल.”

मी म्हटलं, “तो नंबर माझ्या आईचा आहे.”

“मग त्यांनीच दाबलं असेल. वयस्कर लोकांकडून होतं असं.”

फोन स्पीकरवर होता. आई शेजारीच भाजी निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. त्या संध्याकाळी तिने मावशीला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी फोन बंद करून कपाटाच्या खणात ठेवून दिला आणि म्हणाली, “नको बाई, माझा हात कुठे लागेल आणि तुम्हाला भुर्दंड बसेल.” गेलेल्या पैशांपेक्षा या वाक्याने मला जास्त त्रास झाला, आणि मी हे प्रकरण सोडलं नाही त्याचं कारणही तेच. दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा आणि वर त्यालाच वेंधळा ठरवायचं, हे मला सहन होईना.

पुढच्या पाच आठवड्यांत मी सात फोन केले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. तक्रार नंबर दिला तरी “सिस्टिमवर दिसत नाहीये मॅडम”. पहिल्या तक्रारीला चार तासांत मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ काय निराकरण? काहीच नाही. सेवा चालूच, पैसे कापलेलेच. तक्रार तेवढी बंद. दुसरी तक्रार अशीच बंद झाली, तिसरीही. वेळेत बंद झालेली तक्रार ही त्यांच्या हिशेबात यशस्वी धरली जात असावी, नाहीतर इतकी घाई कोण करेल?

चौथ्या फोनवर तर कहर झाला. बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, “तुमचं नुकसान भरून निघावं म्हणून तुम्हाला जास्त फायद्याचा प्लॅन देते.” मी म्हटलं, “मला प्लॅन नको, पैसे परत हवेत.” त्यांनी “ओके मॅडम” म्हणून फोन ठेवला. पुढच्या बिलात आमचा प्लॅन बदललेला, अर्ध्या महिन्याचं जुनं भाडं, अर्ध्या महिन्याचं नवं आणि नव्या प्लॅनला बारा महिन्यांची बांधिलकी. तक्रार करायला गेले आणि आणखी एक आकार अंगावर घेऊन आले. तो बदल रद्द करून घ्यायला दोन फोन आणि एक ईमेल गेला.

इथे मी स्वतः एक चूक केली, ती तुम्ही करू नका. चिडून मी ते बिलच भरलं नाही. वाटलं, पैसे अडवले की येतील वठणीवर. झालं उलट. विलंब शुल्क लागलं आणि चारही नंबरचे आउटगोइंग कॉल बंद झाले, भावाच्या कामाचा नंबरही त्यातच. वादातली रक्कम किती आणि मान्य असलेली किती हे लेखी कळवून मान्य रक्कम मुदतीत भरायला हवी होती.

सहाव्या फोनवर एक भला माणूस भेटला. त्याने आवाज खाली करून सांगितलं, “मॅडम, फोनवर काही होणार नाही. ईमेल करा, आणि संमतीचा रेकॉर्ड मागा. तारीख, वेळ, कशावरून घेतली, सगळं.” त्या खुर्चीत बसलेल्या पोरांचा मला राग नाही. समोरच्या पडद्यावर दिसतं तेवढंच ते वाचू शकतात, आणि बहुतेकांना पैसे परत करायचा अधिकारच नसतो.

ईमेल लिहायला बसले तेव्हा आधी हा प्रकार चालतो कसा ते समजून घेतलं. याला डायरेक्ट कॅरिअर बिलिंग म्हणतात. गेम, व्हिडिओ, राशिभविष्य, वॉलपेपर असलं काही विकणारी तिसरीच कंपनी असते. तिचे पैसे तुमच्या कार्डातून जात नाहीत, मोबाइल बिलात लागतात किंवा प्रीपेड बॅलन्समधून कापले जातात. मोबाइल डेटा चालू असेल तर तुम्ही नंबर टाइप न करताही नेटवर्ककडून तो अशा पानाला मिळू शकतो. वायफायवर तसं होत नाही, तिथे नंबर आणि ओटीपी विचारावा लागतो. पानावर मोठं रंगीत ‘पुढे’ बटण असतं आणि त्याखाली फिक्या करड्या रंगात दर आठवड्याचा आकार. वसुली तुमची मोबाइल कंपनी करते, वाटा ठेवून घेते, बाकीचा मधल्या दलालामार्फत पुढे जातो. म्हणून जाब विचारला की मोबाइल कंपनी म्हणते सेवा आमची नाही, आणि सेवावाले म्हणतात वसुली आमची नाही.

याहून वाईट प्रकारही आहे. काही अ‍ॅप वरून साधी दिसतात, वॉलपेपरची किंवा कागद स्कॅन करायची, आणि आतून तुमच्या नकळत अशा सेवा घेत सुटतात. वायफाय बंद करून फोन मोबाइल डेटावर नेतात, न दिसणारं पान उघडतात, बटण स्वतःच दाबतात, आलेला ओटीपी वाचून भरतात आणि आलेली सूचनाही दडपून टाकतात. ‘जोकर’ किंवा ‘ब्रेड’ नावाने ओळखला जाणारा हा मालवेअर, म्हणजे फोनमध्ये शिरून नुकसान करणारा प्रोग्राम, २०१७ पासून फिरतो आहे. जानेवारी २०२० मध्ये गूगलने सांगितलं की अशी सुमारे १,७०० अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही या पद्धतीवर सविस्तर लिहिलं. म्हणजे फोन कंपन्यांना हे नवीन नाही. तरीही पहिलं उत्तर तेच: “तुम्हीच दाबलं असेल.”

मी ईमेलमध्ये चारच गोष्टी लिहिल्या. सेवा आजच्या आज बंद करा. सगळ्या नंबरांवर थर्ड पार्टी बिलिंग, म्हणजे तिसऱ्या कंपनीचे आकार बिलात लावणं, कायमचं ब्लॉक करा. संमतीचा पूर्ण रेकॉर्ड पाठवा. तो नसेल तर अकरा महिन्यांचे पैसे परत करा. सोबत बिलांची सातवी पानं, तक्रार नंबर, तारखा आणि फोनवर कोण काय बोललं ते जोडलं. राग एका शब्दात येऊ दिला नाही, फार जड गेलं ते.

तीन दिवसांत एका महिन्याची रक्कम ‘सद्भावना म्हणून’ परत द्यायचा प्रस्ताव आला. त्याखाली एक ओळ होती: ही रक्कम स्वीकारल्यास तक्रार संपली असे समजण्यात येईल. मी नाही म्हणून कळवलं. तुम्हालाही असा तुकडा टाकला जाईल. खालची ओळ वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

मग संमतीचा रेकॉर्ड आला. एवढ्या झटापटीनंतर आलेला तो कागद म्हणजे एक तक्ता आणि त्यात एकच ओळ. आईचा नंबर, सेवेचं नाव, तारीख, वेळ ०३:१२:४१, माध्यम मोबाइल वेब, संमती ‘होय’. दुसऱ्यांदा विचारल्याची नोंद नाही.

पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी माझी आई झोपलेली असते. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो. घरात वायफाय असताना त्या वेळी तो मोबाइल डेटावर होता, हे त्यांच्याच बिलातल्या डेटाच्या नोंदीत दिसत होतं. मग मी आईच्या फोनमधली अ‍ॅप एकेक करून तपासली. फुलांच्या वॉलपेपरचं एक अ‍ॅप निघालं, त्याच महिन्यात आलेलं, आणि त्याला सगळ्या नोटिफिकेशन वाचायची परवानगी होती. नुसती फुलांची चित्रं दाखवायची, तर फोनवर आलेले मेसेज कशाला वाचायला लागतात? अ‍ॅप काढायच्या आधी त्या परवानगीच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि तोही पाठवला.

नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत, फक्त ते कोणी आपणहून सांगत नाही. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१३ मध्येच ठरवून दिलं आहे की अशा सेवेसाठी ग्राहकाची दोनदा स्पष्ट संमती हवी. सेवा बंद करायला १५५२२३ हा टोल-फ्री नंबरही आहे. मोबाइल कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मोबाइल सेवेच्या तक्रारी ग्राहक न्यायालयातही चालतात. अमेरिकेत न मागितलेले आकार बिलात घुसवण्याला ‘क्रॅमिंग’ म्हणतात, आणि २०१४-१५ मध्ये तिथल्या बड्या मोबाइल कंपन्यांना त्यापायी ग्राहकांचे पैसे परत करावे लागले होते. जिथे राहता तिथल्या दूरसंचार नियामकाचं नाव आणि अपिलाची मुदत शोधून ठेवा. तक्रार कधी केली याचा पुरावा म्हणजे तक्रारीचा पहिला नंबर, म्हणून तो नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

मी अपील केलं. संमतीची ती एक ओळ, डेटाची नोंद आणि स्क्रीनशॉट, तीनच कागद पुढे ठेवले. अकरा महिन्यांची रक्कम पुढच्या दोन बिलांत वळती झाली. विलंब शुल्क मात्र माफ केलेलं नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे. ऑटो-पे मी बंद केलं आहे. आता बिल आलं की आधी ‘इतर आकार’ पाहते. तुम्हीही आज आपल्या आईवडिलांच्या, सासूसासऱ्यांच्या नंबरचं मागच्या तीन महिन्यांचं बिल किंवा बॅलन्सचा तपशील काढा, आणि थर्ड पार्टी बिलिंग ब्लॉक करून त्याची लेखी पोच घ्या.

तो रेकॉर्ड आला त्या संध्याकाळी मी आईला कागद दाखवला. तिने चष्मा लावला आणि ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. “पहाटे तीन बारा?” तिने विचारलं. “म्हणजे मी नव्हतेच.”

“नव्हतीसच.”

ती उठली, खणातून फोन काढला आणि चार्जिंगला लावला. चार-पाच टक्के चढतात न चढतात तोच मावशीला फोन लावून तिने पहिल्यांदा हेच सांगितलं.